बारा ओळींचा समास

पडदा उडाला आणि धनेशची ओळ हरवली. तसा तो रोज उडायचाच. एका वेळी पडद्यावर पंचवीस ओळी मावत. शेवटच्या ओळीवरून कर्सर आणखी खाली न्यायला बटण दाबलं, की सगळा मजकूर अर्धा पडदा वर सरकायचा आणि तळाशी असलेला कर्सर एकदम मधोमध येऊन बसायचा. शहापूरच्या बाजारपेठेतल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात सहा माणसं दिवसभर तसल्याच काळ्या पडद्यांसमोर बसत आणि त्यांतल्या कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. दीड वर्ष धनेशलाही वाटलं नव्हतं, किंवा वाटलं असेल तर त्यानं ते स्वतःला कळू दिलं नव्हतं. पण फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी, चहा येऊन गेल्यावर, पडदा उडाला आणि त्याच्या डोळ्यांसमोर नुसता काळोख राहिला. त्यात कुठंतरी अक्षरं होती, हे त्याला माहीत होतं. त्यानं मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, थोडी वर केली. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं झालं. घाईत त्यानं खालच्या बाणाचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, दाबतच राहिला. मग एक ओळ नजरेत आली. ‘सदर जमीन’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांनी ती सुरू होत होती. डाव्या हाताशी ठेवलेल्या छापील पानावरही एक परिच्छेद त्याच शब्दांनी सुरू होत होता. धनेशनं सुटकेचा श्वास सोडला आणि तिथून पुढं वाचायला घेतलं. त्या निकालपत्रात ‘सदर जमीन’ दोनदा आली होती, हे त्या वेळी त्याच्या ध्यानात आलं नाही. त्याला फक्त एवढंच बघायचं होतं की आपण मान हलवताना कुणी बघितलं का. रोशनी टाइप करत होती. पलीकडच्या टेबलावर दामिनी स्कॅनरमध्ये पान ठेवत होती. कुणी बघितलं नव्हतं.

मुंबईच्या एका प्रकाशकाकडून कोर्टाच्या जुन्या निकालपत्रांची जाडजूड पुस्तकं येत. मशीन त्यांची पानं ओळखून मजकूर तयार करायचं आणि तसं करताना ढिगानं चुका करायचं. त्या चुका पुस्तकाशी ताडून काढायच्या, हे धनेशचं काम. ऑफिसचा मालक शामभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, ‘आमचा धनेश म्हनजे चाळण हाय. त्याच्या हाताखालून खडा जायचा नाय.’ हे ऐकलं की धनेश खाली बघून हसायचा आणि आतून फुलायचा. सापगावातल्या भातशेतीवाल्या घरातला तो पहिला बी.ए. शहाण्णव साली कल्याणच्या एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागला, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या मुद्रितशोधकानं त्याला सांगितलं होतं, शब्द वाचू नकोस, अक्षरं वाच. शब्द वाचणारा माणूस स्वतःच्या मनातलं वाचतो. ते वाक्य त्यानं पुढं दामिनीलाही सांगितलं. छापखान्यात तो ओळीखाली डाव्या हाताचं बोट धरून वाचायचा. बोट कागदावर असलं की ओळ कुठं जात नाही. बाकीचे पेन्सिल धरत, तो बोट धरायचा, एवढाच फरक. बोटाशिवाय आपल्याला पुढची ओळ चटकन सापडत नाही, हे त्याला वाटायचं ती सवय. लहानपणी सांजेला पोरं शेताच्या बांधावरून पळत घरी यायची तेव्हा हा मागं राहायचा, चाचपत चालायचा, एकदा बांधावरून सरळ चिखलात गेला आणि सगळे हसले, तेव्हाही त्याला वाटलं होतं आपण भित्रे आहोत. मग अठ्ठ्याण्णव साली मुरबाडला डोळ्यांचं शिबिर होतं. सासऱ्याला दाखवायला तो घेऊन गेला होता. सासऱ्याचा मोतीबिंदू बघून झाल्यावर डॉक्टर सहज म्हणाले, तुम्हीही बसा. बसला. डॉक्टरांनी बॅटरी मारली, पुन्हा मारली, आणि मुंबईला जायची चिठ्ठी लिहून दिली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्याला जे सांगितलं ते त्यानं तीन वेळा विचारून घेतलं होतं. कडा जातात. आधी रात्रीचं जातं, मग बाजूचं जातं, मधलं शेवटपर्यंत राहतं, कदाचित. औषध नाही. तो परत आला तेव्हा पारू, त्याची बायको, अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं विचारलं, ‘काय बोलला डागदर?’ तो म्हणाला, ‘चष्मा लागंल पुढंमागं.’ चार वर्षं झाली. चष्मा लागला नव्हता, आणि पारूनं पुन्हा विचारलंही नव्हतं.

दहा दिवसांनी ती फाइल परत आली. शामभाऊ ओरडणारा माणूस नव्हता. त्या दिवशी तो कागद हातात धरून खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि हळूच म्हणाला, ‘बारा ओळी. एका जागी सलग बारा ओळी कुनी वाचल्याच नायत.’ त्या बारा ओळींत मशीननं केलेल्या सगळ्या चुका जशाच्या तशा होत्या, आणि एके ठिकाणी ‘नॉट’चं ‘नाऊ’ झालं होतं. न्यायाधीशानं जमिनीला हात लावू नये असं म्हटलं होतं. ऑफिसातून गेलेल्या फाइलीत त्यानं आता लावावा असं म्हटलं होतं. धनेशला एकदम तो मंगळवार आठवला, चहाचा वास, पडद्याचा काळोख. तो बोलणारच होता. पण त्याच्या आधी शामभाऊनं दामिनीकडे वळून विचारलं, ‘मुंबईला जायची सीडी तू भरलीस ना गो? तपासायच्या आधीची कॉपी चढवलीस तू.’ दामिनी उभी राहिली. ‘नाय भाऊ. धनेशदादांनी दिलेली तीच भरली.’ ‘धनेशच्या हातून बारा ओळी सुटतील?’ शामभाऊनं विचारलं, आणि ते त्यानं इतक्या विश्वासानं विचारलं की खोलीत कुणाला काही बोलण्यासारखं राहिलं नाही. दामिनीनं धनेशकडे बघितलं. धनेशनं समोरच्या पानाकडे बघितलं. त्या पानावर तेव्हा काय छापलं होतं ते त्याला पुढं कित्येक दिवस शब्दन् शब्द आठवत राहिलं. शामभाऊनं चुकांची वही काढली, तारीख घातली, फाइलीचा नंबर घातला, पुढं दामिनीचं नाव लिहिलं. पुढच्या महिन्यापासून तिला स्कॅनरवरून उठवून वाचायला बसवायचं ठरलं होतं. ‘ते आता बघू,’ शामभाऊ म्हणाला.

घरी जाताना धनेश मनाशी बोलत राहिला. आपण खोटं कुठं बोललो? आपल्याला कुणी विचारलंच नाही. आणि सांगायचं म्हणजे काय सांगायचं? ओळी सुटल्या एवढ्यावर ते थांबलं नसतं; का सुटल्या, इथवर आलं असतं. डोळ्यांवर पोट असलेल्या माणसानं डोळे जातायत म्हणून सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी कुठं जायचं? दामिनी तरुण आहे. तिला महिना-दोन महिन्यांनी संधी मिळेलच. असं सगळं नीट लावून झालं तरी ते मनात बसेना. दामिनी मुरबाडकडच्या वैशाखरे गावाच्या वर डोंगरातल्या एका पाड्यावरची. बाप बुधू हिरडे गोळा करायचा, थोडी नाचणी पिकवायचा. आश्रमशाळेत दहावी, मग मुरबाडला मावशीकडं राहून बारावी आणि कॉम्प्युटरचा कोर्स. शहापूरला आली तेव्हा इंग्रजी वाक्य वाचताना तिचे ओठ हलायचे. धनेशनंच तिला शिकवलं. आपल्याला न कळलेला शब्द ती हातावर पेनानं लिहून ठेवायची आणि संध्याकाळी जायच्या आधी विचारायची. कधीकधी कोपरापर्यंत शब्द गेलेले असत. एकदा रोशनी हसली तेव्हा ती म्हणाली होती, ‘हसू दे की. धुतल्यावर जातंय, पर डोक्यातलं जात नाय.’ ते आठवलं आणि धनेशला रस्त्यातच थांबावंसं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून दामिनी त्याच्याशी पूर्वीसारखीच बोलत होती. ‘दादा, पान उलटं लागलंय बगा.’ ‘दादा, ह्यो शब्द काय?’ तिच्या आवाजात कुठं राग आहे का हे तो कान देऊन ऐकायचा, आणि तो नाही म्हणून त्याला जास्तच भीती वाटायची.

आणि मग पडदा बदलायला लागला. एका सोमवारी तो बसला, वाचत तळापर्यंत आला, खालचं बटण दाबलं आणि दचकायला तयार होऊन थांबला. काहीच उडालं नाही. मजकूर एक ओळ वर सरकला. पुन्हा दाबलं, पुन्हा एकच ओळ. कर्सर तळाशी होता तिथंच राहिला. धनेशला आधी वाटलं, आपल्यालाच तसं दिसतंय. डोळ्यांचं आता हेही सुरू झालं असेल. त्यानं शेजारच्या रोशनीच्या पडद्याकडे पूर्ण मान वळवून बघितलं. तिचा पडदा उडत होता. म्हणजे फक्त आपला. विचारावं तर कसं? ‘माझा पडदा उडत का नाही’ असं विचारणाऱ्या माणसाला ‘उडाला तर तुला काय होतं’ असं कुणीही विचारलं असतं. तो गप्प राहिला. दिवसभर तळाच्या ओळीवर वाकून वाकून मान आखडली, पण ओळ एकदाही हरवली नाही. बुधवारी आणखी काहीतरी झालं. कर्सर आता तळापर्यंत जाईचना. खाली पाच ओळी शिल्लक असतानाच तो थांबायचा आणि मजकूर वर यायला लागायचा. पुढं काय येणार ते आधी दिसू लागलं. धनेशला गंमतही वाटली आणि अंगावर काटाही आला. घरात रोज एकेक वस्तू कुणीतरी न सांगता जागच्या जागी लावून जावी तसं वाटायला लागलं. शुक्रवारी सकाळी त्यानं फाइल उघडली, सुरुवातीच्या थोड्या ओळी उतरला आणि कर्सर बरोबर पडद्याच्या मध्यावर थांबला. तेराव्या ओळीवर. वर बारा, खाली बारा. बटण दाबलं की सगळा मजकूर एक ओळ वर येई आणि वाचायची ओळ पुन्हा त्याच जागी, त्याच उंचीवर, त्याच्या डोळ्यांसमोर. त्यानं बटण दाबलं. दाबत गेला. मान हलली नाही. डोळे एका जागी ठेवले आणि ओळी आपल्या पायांनी चालत त्याच्यापर्यंत येऊ लागल्या, वाचून झाल्या की वर निघून जाऊ लागल्या. कल्याणच्या छापखान्यातली पहिली वर्षं त्याला आठवली, अक्षरामागून अक्षर सोलत जाण्याचा तो जुना आनंद. जेवणाच्या वेळेपर्यंत त्यानं एकवीस पानं संपवली आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपले डोळे ओले झालेत.

जेवायला बाकीचे खाली गेले होते. दामिनी तिच्या टेबलावर कागदांचा एक गठ्ठा उलगडून बसली होती, शेजारी शब्दकोश. ते पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं, म्हणजे एडिटरचं, मदत-पुस्तक होतं, शंभरेक पानांचं इंग्रजी, छापून काढलेलं; ओळींच्या मधे बारीक मराठी अर्थ लिहिलेले. धनेश तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिनं वर बघितलं आणि आपणच म्हणाली, ‘तुमच्या सेटिंगच्या फाइलीत दोन ओळी टाकल्यात मी. नको आसल्या तर काढते.’

‘कुठं शिकलीस हे?’

‘यात लिवलंय.’ तिनं एक पान त्याच्यापुढं केलं. ‘एकात सांगायचं, खाली सरकताना किती ओळी सरकायचं. आपल्याकडं ते अर्ध्या पडद्याचं होतं, मी एक केलं. पन मग तुमी तळाला वाकून बसाया लागलात. मग दुसरी सापडली. वहीला आपन समास सोडतो ना कडंला, तसा वर आनि खाली समास सोडता येतो. त्यात कर्सर शिरत नाय. पाच करून बगितला. मग बारा केला. बाराच्या वर जागाच नाय, वरून बारा, खालून बारा, त्याला मधी उभं ऱ्हावंच लागतं.’

हे ती अशा साधेपणानं सांगत होती की जणू कुणीही चार दिवसांत जेवणाची सुट्टी मोडून शंभर इंग्रजी पानं कोश घेऊन वाचलीच असती. धनेशनं विचारलं, ‘तुला कसं कळलं?’

‘सकाळी पडद्यांच्या काचा पुसते ना मी सगळ्यांच्या. तुमच्याच काचंवर बोटं आसतात. डाव्या बाजूला, वरपासनं खालपर्यंत. पयलं मला वाटलं, दादा असं काय करतात. मग एक दिस बगितलं, तुमी ओळीला बोट लावून धरता. कागदावर ठीक हाय. हितं ओळच बोटाखालनं पळते.’ ती क्षणभर थांबली. ‘आनि पळाली का तुमी मान फिरवता. आमच्या आज्याला तसं होतं. समोरचा कावळा दिसायचा, बाजूचा मानूस दिसायचा नाय.’

तिला सगळं माहीत होतं. त्या दिवशी उभी राहून तिनं त्याच्याकडे बघितलं तेव्हाही तिला माहीत होतं. एका शब्दानं तिनं स्वतःला सोडवलं असतं. धनेशला तिच्याकडे नीट बघवेना. गावात, छापखान्यात, कॉलेजात त्यानं हुशार माणसं पाहिली होती, आणि आपणही त्यांतलेच असं त्याला आतून वाटत आलं होतं. पण ज्याच्यामुळे आपल्यावर आळ आला त्याचीच अडचण बसून, तपासून, आकडा बदलून पुन्हा तपासून दूर करणारं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, ‘दामिनी, ती फाइल, त्या बारा ओळी...’

‘ते मला सांगू नका दादा,’ ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिच्या आवाजाला धार आली. ‘मला ठाव हाय. ज्यांना ठाव नाय त्यांना सांगा.’ तिनं डबा उघडला. भाकरी तिनं एका झटक्यात मोडली. म्हणजे राग होता. इतके दिवस होता, आणि तो बाजूला ठेवून तिनं हे केलं होतं. का कोण जाणे, त्या रागानं धनेशला बरं वाटलं.

तरी तो त्या दिवशी बोलला नाही. शनिवारीही नाही. मंगळवारी शामभाऊ म्हणाला, ‘एक तारखेपासून रोशनी वाचनाला बसंल. दामिनी स्कॅनरवरच.’ रोशनी आनंदली आणि लगेच ओशाळलीही. दामिनीनं मान हलवली, पान उचललं, स्कॅनरचं झाकण उघडलं. तेवढंच. त्या झाकणाचा प्लास्टिकचा आवाज धनेशच्या छातीत कुठंतरी लागला. तो उभा राहिला, खुर्ची मागच्या भिंतीवर आदळली. ‘शामभाऊ, त्या बारा ओळी माझ्या,’ तो म्हणाला. ‘तिनं बरोबर कॉपी भरली होती. मी वाचल्या नाय. मला ओळ सापडली नाय.’ आणि मग एकदा सुरुवात झाल्यावर बाकीचंही आलं. मुरबाडचं शिबिर, मुंबईचं इस्पितळ, कडा जाणं, सगळं. बोलताना त्याला वाटलं होतं, आपला आवाज फाटेल. फाटला नाही. उलट तो एखाद्या दुसऱ्या माणसाची हकिकत सांगावी तसा सरळ येत गेला.

शामभाऊनं हातातलं पेन टेबलावर ठेवलं. ‘चार वर्सं?’ तो म्हणाला. ‘आनि मला सांगाया काय झालं होतं तुला?’ धनेशनं भिंतीला टेकलेली खुर्ची सरळ केली. ‘आता वाचाया येतंय?’ ‘येतंय. दामिनीनं सोय करून दिली.’ काय सोय ते शामभाऊला कळेना. दामिनीनं त्याला धनेशच्या खुर्चीत बसवून बटण दाबायला लावलं. त्यानं दहा-बारा वेळा दाबलं. ‘हे तर डोळ्याला बरं हाय,’ तो पुटपुटला. रोशनी मागून म्हणाली, ‘मला पन लाव गो, पर तीनच ओळींचा.’ कुणीतरी हसलं. शामभाऊ हसला नाही. ‘धनेश, इथनं पुढं तुझी परत्येक फाइल दामिनी दुसऱ्यांदा वाचंल,’ तो म्हणाला. ‘ती सांगंल तेवाच मुंबईला जाईल.’ चाळण म्हणून मिरवणाऱ्या माणसाला ते लागायला हवं होतं, आणि लागलंही. पण त्याच्या खाली एक मोठी सुटका होती, खांद्यावरचा भारा कुणीतरी दुसऱ्या टोकानं उचलावा तशी. शामभाऊनं चुकांची वही त्याच्यापुढं सरकवली. ‘ते नाव तूच खोड.’

धनेशनं वही उघडली. पानं भरलेली होती, बारीक अक्षरांत, वेगवेगळ्या शाईत. त्यानं बोट वरच्या कोपऱ्यात ठेवलं आणि खाली आणायला लागला. ती नोंद कुठल्या पानावर आहे हे त्याला आठवत नव्हतं. एक पान झालं, दुसरं झालं. रोशनीनं पुढं होऊन हात लांबवला, आणि दामिनी हळूच म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे. सापडंल त्यांना.’ सगळे उभे होते आणि धनेश एकेक ओळ वाचत होता, दुसऱ्यांच्या जुन्या चुका, सुटलेले स्वल्पविराम, उलटी लागलेली पानं, आणि ती नोंद आली. त्यानं दामिनीचं नाव एका रेघेनं खोडलं, वर आपलं नाव लिहिलं, आडनावासकट.

संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता, ऊन हायवेवर तिरपं पडलं होतं. शामभाऊनं दोघांना लवकर सोडलं होतं. दामिनीला पलीकडच्या बाजूनं मुरबाडची एसटी धरायची होती. धनेशला घरी जाऊन पारूला सांगायचं होतं, आणि ते सगळ्यांत अवघड होतं. पारू चिडणार होती. चार वर्षं आपल्याला काय म्हणून नाही सांगितलंस, असं विचारणार होती, आणि तिचं बरोबर होतं. ट्रक एकामागून एक नाशिककडे चालले होते. रोज तो इथं दुसऱ्या कुणीतरी पाऊल टाकेपर्यंत थांबायचा, आणि मग जणू सहज त्याच्या मागोमाग निघायचा. आज कडेला त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं.

‘दामिनी,’ तो म्हणाला, ‘मला बाजूचं काय दिसत नाय. गाडी असली तर सांग.’

तिनं त्याचा हात धरला नाही. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली.

‘दोन ट्रक हायत,’ ती म्हणाली. ‘त्यांच्यामागं एक जीप. थांबा.’

ते थांबले. वाऱ्याचा एक गरम झोत अंगावरून गेला, मग दुसरा, मग जीपचा बारीक आवाज आला आणि लांब गेला.

‘चला,’ दामिनी म्हणाली.